मौनी बाबांचा गोंगाटी भक्त

गाणारा म्हातारा झाला की त्याच्या ट्रंकेला भाव येतो. तारुण्यात ज्याच्या नव्या तबकडीसाठी दुकानापुढे रांगा लागत, त्याच्यापाशी उतारवयात लोक नवे गाणे फारसे मागत नाहीत. ते हळूच विचारतात, "जुने काही उरले आहे का हो?" मग माळ्यावरच्या फिती खाली येतात, त्यांच्यावरची धूळ झटकली जाते, आणि जे गाणे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी 'बरे जमले नाही' म्हणून बाजूला टाकले होते, तेच सुबक डब्यात घालून मोठ्या किमतीला विकले जाते. विलायतेत आज या धंद्याला मोठी बरकत आहे. रॉक संगीताची पहिली पिढी ऐंशीच्या घरात पोचली आहे, आणि जो तो आपापला पेटारा उघडून बसला आहे.

विलायती म्हाताऱ्यांचे पेटारे आमच्या फराळाच्या ताटाशेजारी कशाला, असे कोणी वाचक विचारील. विचारणे रास्त आहे. पण वाचकहो, यांतल्या एका पेटाऱ्याची किल्ली आपल्या नगर जिल्ह्यात आहे, आणि ही गोष्ट खुद्द नगरच्याच पुष्कळ लोकांना ठाऊक नाही. पिकते तेथे विकत नाही, हेच खरे!

नगर शहरातून दौंडच्या रस्त्याने सुमारे नऊ किलोमीटर गेले की अरणगाव लागते. पहिल्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या फौजेचा येथे तळ होता. पुढे फौज गेली आणि माळ मोकळा पडला. १९२३ साली पुण्याच्या एका इराणी घराण्यातला एकोणतीस वर्षांचा तरुण आपल्या मंडळींसह येथे आला. नाव मेरवान शहरयार इराणी. सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात शिकलेला, पुण्याच्या हजरत बाबाजान आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासात घडलेला. जग त्यांना मेहेरबाबा म्हणू लागले आणि त्या माळाला मेहेराबाद. १० जुलै १९२५ रोजी बाबांनी मौन धरले. ते पुढे साडेत्रेचाळीस वर्षे, देह ठेवीपर्यंत, सुटले नाही. १९५४ सालापर्यंत ते अक्षरफलकावर बोट फिरवून बोलत. मग तोही सोडला आणि नुसत्या हातांच्या खुणांवर काम चालविले. ३१ जानेवारी १९६९ रोजी नगरच्या उत्तरेस पिंपळगावजवळच्या मेहेराझाद येथे त्यांनी देह ठेवला, आणि ७ फेब्रुवारीला मेहेराबादच्या टेकडीवर समाधी झाली.

हे झाले मौनाचे. आता गोंगाटाकडे वळू.

१९६४ साली लंडनमध्ये चार पोरांचा एक वाद्यवृंद उभा राहिला. नाव 'द हू', म्हणजे 'कोण'. गायक रॉजर डाल्ट्री, बास गिटारवर जॉन एंटविसल, ढोलताशांवर कीथ मून, आणि गिटारवर पीट टाउनशेंड. यांतले टाउनशेंड हे गीतकार आणि संगीतकारही. त्यांचा जन्म १९४५ चा; वडील सॅक्सोफोनवादक, आई गायिका, म्हणजे घरातच गाणेबजावणे. पण या मंडळींचे गाणे वडिलांच्या पिढीला ऐकवणारे नव्हते. कार्यक्रम संपता संपता टाउनशेंड आपली गिटार जमिनीवर आपटून तिचे तुकडे करीत, मून आपले ढोल लाथाडून देत, आणि प्रेक्षक टाळ्या पिटीत. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन येथील फुटबॉलच्या मैदानावर त्यांनी जो कार्यक्रम केला त्याचा आवाज १२० डेसिबलच्या वर मोजला गेला, आणि जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. याची किंमतही मोजावी लागली. टाउनशेंड यांचे कान पुढे अधू झाले, आणि त्यांत एक अखंड गुणगुण बसून राहिली.

तर असा हा गोंगाटाचा राजा अरणगावच्या मौनी बाबांचा भक्त झाला!

हे घडले १९६७-६८ च्या सुमारास. लंडनमधले तरुण तेव्हा एल. एस. डी. नावाच्या गोळीतून देव शोधीत होते. बाबांनी त्या गोळीला स्पष्ट विरोध केला होता. गोळीतून देव मिळत नसतो, असे सांगणारी त्यांची पुस्तिका १९६६ साली निघाली होती. माइक मॅकिनर्नी नावाच्या चित्रकार मित्राने टाउनशेंड यांना बाबांविषयी सांगितले. त्यांनी वाचले, आणि गोळीचा नाद सोडला. १९६९ च्या मे महिन्यात 'टॉमी' ही त्यांची संगीतकथा बाहेर आली. तिचा नायक आहे आंधळा, बहिरा आणि मुका मुलगा. आणि तिच्या वेष्टनावर बाबांचे नाव 'अवतार' म्हणून छापलेले आहे. बाबा चार महिन्यांपूर्वीच गेले होते. टाउनशेंड यांना त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच मिळाली नाही. १९७२ साली ते मेहेराबादला आले ते समाधीपाशीच.

आता त्या पेटाऱ्याकडे येऊ. टाउनशेंड यांची गाणी रचण्याची रीत निराळी होती. ते घरात टेपरेकॉर्डर बाळगीत. सुरुवातीला दोन साधी यंत्रे होती. एकावर गिटार वाजवून मुद्रित करायची. मग ती फीत लावून तिच्यासोबत गात दुसऱ्या यंत्रावर दोन्ही मिळून मुद्रित करायचे. मग त्यावर ढोल, त्यावर आणखी काही. अशा तऱ्हेने एकटा माणूस सगळा वाद्यवृंद होई. हा झाला गाण्याचा कच्चा खर्डा. तो खर्डा ऐकून बाकीची तिघे मंडळी आपापला भाग बसवीत, आणि मग स्टुडिओत पक्के गाणे मुद्रित होई. पक्के गाणे जगभर जाई. खर्डा घरी राही. खर्ड्यातला आवाज डाल्ट्रींसारखा दणदणीत नाही. तो काहीसा पातळ आहे, चाचरतो, मध्येच सूर शोधतो. पण गाणे सुचले त्या रात्रीची ऊब त्यात आहे. पक्क्या गाण्यात ती राहिलेली नाही.

हे खर्डे बाहेर कसे आले? येथे बाबांचा संबंध येतो. फेब्रुवारी १९७० मध्ये, बाबांच्या जन्मतिथीला त्यांच्या विलायती भक्तांनी एक तबकडी काढली. नाव 'हॅपी बर्थडे'. प्रती मोजक्या, गिऱ्हाईक म्हणजे भक्तमंडळी, आणि मुद्रण बरेचसे घरगुती. 'डे ऑफ सायलेन्स' नावाचे गाणे तिच्यात आहे, ते १० जुलैच्या मौनदिनावरचे. जगात सर्वांत मोठ्याने वाजवणारा माणूस मौनावर गाणे रचतो, तेही हलक्या हाताने, घरच्या गिटारीवर! त्याच तबकडीवर टाउनशेंड यांनी कोल पोर्टर यांचे 'बिगिन द बिगीन' हे १९३५ चे गाणे गायिले आहे. हे गाणे येथे कशाला, तर ते बाबांच्या फार आवडीचे. मेहेराबादला बाबांचा देह समाधीत ठेवला होता तेव्हा त्यांच्याच इच्छेवरून त्या गाण्याची तबकडी तेथे लावण्यात आली होती. नगरच्या माळावर फेब्रुवारीचे ऊन, भोवती आरती म्हणणारे इराणी, मराठी, तेलुगू, अमेरिकन भक्त, आणि ग्रामोफोनवर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे प्रेमगीत! हे दृश्य कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही त्याला अतिशयोक्तीबद्दल टोकले असते.

१९७२ साली अशीच दुसरी तबकडी निघाली, 'आय ॲम'. तिच्यात 'परवरदिगार' हे गाणे आहे. बाबांनी १९५३ साली सांगितलेल्या प्रार्थनेला टाउनशेंड यांनी चाल लावली. परवरदिगार म्हणजे पालनकर्ता. हा फारसी शब्द आपल्याकडे कव्वालीमुळे कानावरचा. लंडनच्या गिटारीवर तो ऐकताना मात्र दचकायला होते. १९७६ साली तिसरी आली, 'विथ लव्ह'. त्याच वर्षी टेम्स नदीच्या काठी ट्विकनहॅमला त्यांनी बाबांच्या नावाचे एक केंद्रही उघडले.

खाजगी तबकड्यांचे मात्र जे व्हायचे तेच झाले. नाव मोठ्या माणसाचे आणि प्रती थोड्या. मग चोरटे छापणारे काय गप्प बसणार? अमेरिकेत 'हॅपी बर्थडे'च्या चोरट्या प्रती विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा कंपनीच्या आग्रहावरून टाउनशेंड यांनी दोन्ही तबकड्यांतली निवडक गाणी आणि काही आणखी खर्डे घेऊन १९७२ च्या अखेरीस 'हू केम फर्स्ट' ही तबकडी उघड बाजारात आणली. ही त्यांची पहिली स्वतंत्र तबकडी. पुढे १९७४ साली चोरट्यांनाच शह म्हणून एंटविसल यांनी 'हू'ची पडून राहिलेली गाणी वेचून 'ऑड्स अँड सॉड्स' काढली. मराठीत म्हणायचे तर 'किडुकमिडुक'. तिच्यात वाद्यवृंदाचे १९६४ मधले पहिलेवहिले, मुळीच न खपलेले गाणेही आहे. तेव्हा काही महिने या मंडळींचे नावसुद्धा वेगळे होते. १९८३ साली टाउनशेंड यांनी आपल्या घरगुती खर्ड्यांचा 'स्कूप' हा जोडसंग्रह काढला; १९८७ आणि २००१ साली त्याचे पुढचे भाग आले. प्रत्येक खर्ड्याशेजारी त्याची टिपणही आहे, कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्रावर, कोणत्या मनःस्थितीत. आजच्या पेटारे-विक्रीची ही पायवाट पुष्कळशी त्यांनीच पाडली.

आणि आता ज्या गाण्यासाठी हा सारा प्रपंच मांडला त्याकडे येतो. १९७१ साली 'हू'ने 'हूज नेक्स्ट' ही तबकडी काढली. तिच्यातले पहिलेच गाणे जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकले आहे. त्याचे नाव 'बाबा ओ'रायली'. त्यातले बाबा म्हणजे आपले अरणगावचे मेहेरबाबा! गाण्याच्या आरंभी एक अखंड नाचणारी, झरझर फिरणारी सुरावट येते. ती टाउनशेंड यांनी घरच्या लॉरी कंपनीच्या ऑर्गनवर वाजवली. त्या पेटीत अशी सोय होती की पट्ट्या दाबून धरल्या की तेच सूर आपोआप, मारिंब्यावर काठ्या पडाव्यात तसे, पुन्हा पुन्हा उठत. सतारीचा झाला ज्याने ऐकला आहे त्याला ही जात ओळखता येईल. टाउनशेंड यांची कल्पना अशी होती की माणसाची जन्माबिन्माची सगळी माहिती यंत्राला द्यावी आणि त्यातून त्या माणसाचे संगीत निघावे. बाबांची माहिती दिली तर बाबांचे संगीत निघेल. कुंडली मांडून राग काढण्यासारखाच प्रकार म्हणायचा! यंत्राने नाही, शेवटी बोटांनीच काम केले. तेच नुसते वाद्यसंगीत, जवळजवळ दहा मिनिटांचे, 'आय ॲम' या भक्तांच्या तबकडीवर आहे. जगाने पाच मिनिटांचे ऐकले. भक्तांना दहा मिनिटांचे मिळाले.

मग 'ओ'रायली' कोण? हे अमेरिकेचे टेरी रायली. सुरांच्या छोट्या आवर्तनांतून मोठी इमारत उभी करणारे हे संगीतकार. १९७० साली त्यांनी पंडित प्राणनाथ यांचा गंडा बांधला. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि ज्यांची गायकी सवाई गंधर्वांकडून भीमसेनांपर्यंत आली, त्याच घराण्याच्या दुसऱ्या फांदीवर हा ओ'रायली बसला. लंडनच्या त्या गाण्याच्या नावातला एक शब्द अरणगावला पोचतो आणि दुसरा किराण्याच्या वळणाने मिरजेच्या शेजारी येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

हे गाणे मूळचे 'लाइफहाऊस' नावाच्या एका मोठ्या संगीतकथेसाठी रचलेले. सगळे जग शेवटी एका सुरात मिळते, अशी तिची कल्पना. ती टाउनशेंड यांना सुचली त्यात बाबांचा वाटा होता तसा सूफी इनायत खाँ यांचाही, आणि हे इनायत खाँ गायकवाडांच्या बडोद्यात १८८२ साली जन्मलेले, मौलाबक्षांचे नातू. पण 'लाइफहाऊस' उभे राहिलेच नाही. मित्रांना कथा कळेना, आणि टाउनशेंड खचले. उरलेल्या गाण्यांतून 'हूज नेक्स्ट' झाली आणि तिने नाव काढले. मोठे स्वप्न मात्र फितींत पडून राहिले. बावन्न वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, ते सगळे दहा सीडींच्या संग्रहात बाहेर आले. एकूण १५५ तुकडे, त्यांतले निम्म्याहून अधिक पूर्वी न निघालेले. टाउनशेंड यांचे १९७०-७१ चे घरगुती खर्डे त्यात आहेत, स्टुडिओतले अर्धवट प्रयत्न आहेत, आणि १९७१ चे लंडन व सॅन फ्रान्सिस्को येथले प्रत्यक्ष कार्यक्रमही आहेत.

येथे एक कडवा प्रश्न विचारायला हवा. हे सारे उकरावे का? कलावंताने स्वतः टाकून दिलेले त्याच्या भक्तांच्या गळ्यात बांधणे हा निव्वळ व्यापार नव्हे काय? पक्की इमारत उभी राहिल्यावर परांची काढून टाकतात. ती कोणी विकत नाही. या आक्षेपात जोर आहे. एकाच गाण्याचे आठ प्रयत्न ओळीने ऐकताना आमचाही धीर सुटतो, आणि पेटीची किंमत ऐकली की धीराबरोबर इतरही पुष्कळ काही सुटते.

तरी पण नगर जिल्ह्यानेच याचे उत्तर सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केले, ते बोलून. ते उतरून घेतले सच्चिदानंदबाबांनी. ते बसले नसते तर ते बोलणे प्रवरेच्या वाऱ्यावर गेले असते. मग तीनशे वर्षांत नकलांवर नकला झाल्या, पाठ बिघडले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी जुन्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. आपल्या भाषेतले हे एक मोठे जतनकार्य. एकनाथांना शुद्ध पाठ हवा होता. आजच्या पेटाऱ्यांना प्रत्येक पाठ हवा असतो. दोन वृत्ती वेगळ्या आहेत, पण दोन्हींच्या आधी एक गोष्ट लागते: कोणीतरी उतरून घेतलेले असावे लागते, आणि कोणीतरी ते टाकून दिलेले नसावे लागते. निवड नंतर करता येते. जे उरलेच नाही त्याची निवड कोण करणार? किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांची केवढी गायकी, आणि मागे ध्वनिमुद्रणे उरली ती अगदी बोटांवर मोजण्याइतकी. तेथे चांगले-वाईट निवडण्याची चैन कोणालाही नाही. जे आहे ते कानाला लावून बसायचे.

आणि मेहेराबादकडे पाहिले तर ही गोष्ट आणखी तीव्रतेने कळते. बाबांची छायाचित्रे असंख्य आहेत, चलच्चित्रेही आहेत. हातांच्या खुणा, हसणे, चालणे, सारे पडद्यावर पाहता येते. पण १९२५ सालच्या त्या जुलैनंतर त्यांचा आवाज मुद्रित होण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यांनी मौन स्वतः निवडले; भक्त त्या मौनालाच त्यांची वाणी मानतात, आणि दर ३१ जानेवारीला दुपारी बारा ते सव्वाबारा टेकडीवर हजारो माणसे निःशब्द बसतात. ते मौन अर्थपूर्ण आहे, कारण ते निवडलेले आहे. आपल्या निष्काळजीपणाने जे मौन पसरते त्याला मात्र कसलाही अर्थ नसतो. ते नुसते हरवणे असते.

नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या घरांत असे मौन आज जमत चालले आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ज्याच्या त्याच्या हाती मुद्रण आले. अखंड हरिनाम सप्ताहातली कीर्तने, भजनी मंडळांची बारी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, लग्नातला बँड, हौशी पोरांच्या ऑर्केस्ट्राची पहिली तालीम, सगळे कोणी ना कोणी भरून ठेवले. ती माणसे गेली. कॅसेटी बुरशी धरीत पत्र्याच्या डब्यात पडल्या आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही भंगारवाल्याच्या गाडीवर जातात. त्यांत टाउनशेंड कोणी नसेल. पण 'हॅपी बर्थडे' तरी काय होती? मूठभर माणसांनी मूठभर माणसांसाठी प्रेमाने केलेले घरगुती मुद्रण. बाजारासाठी ते केलेलेच नव्हते.

तेव्हा वाचकहो, यंदा डबा बाहेर निघाला असेल तर कृपा करून तो भंगारात घालू नका. कॅसेट लगेच जुनाट यंत्रात घालून वाजवूही नका. मळक्या यंत्राने फीत ओरखडते आणि कुजकी फीत तुटते. सावलीत कोरड्या जागी ठेवा, आणि जाणत्याकडून संगणकावर उतरवून घ्या. दोन प्रती करून दोन घरी ठेवा, आणि मूळ कॅसेटही राहू द्या. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती ऐकवा आणि विचारा: हा आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते, पेटीवर कोण होते? ते सांगतील तसे कागदावर लिहून कॅसेटीला गुंडाळा. टाउनशेंड यांनी आपल्या खर्ड्यांशेजारी लिहिले तसेच. सच्चिदानंदबाबा लिहून घ्यायला बसले तसेच. आवाज यंत्रात राहतो, पण नाव माणसाच्याच आठवणीत असते, आणि ती आठवण सांगणारा माणूस पुढच्या दिवाळीला असेलच असे कोणी सांगावे?